घरातच तर होतात, कसला आलाय ताण?

"घरातच तर होतात, वर मोबाईल हातात, कसला आलाय ताण?" कोविडच्या काळात घरात अडकलेल्या किशोरवयीन पोरांना उद्देशून हे वाक्य मी इतक्या मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलंय की आजही कुणी म्हणालं की डोकं सणकतं.

11 मार्च 2020 ला जागतिक आरोग्य संघटनेनं महामारी म्हटलं आणि बघता बघता जगभरातल्या दीडशे कोटींच्या आसपास मुलांच्या शाळा-कॉलेजं बंद झाली. पोरांना आजाराचा धोका मोठ्यांपेक्षा कमी होता, मान्य. पण सोळा-सतराव्या वर्षी मित्र म्हणजे नुसता टाइमपास नसतो ना! आपण कोण, आपल्याला काय आवडतं, हे त्या वयात घरच्यांच्या नजरेआडच कळत जातं, कुणाशी भांडून, कुणावर रुसून, कुणावर जीव टाकून. नेमकं तेच बंद झालं, आणि चोवीस तास आईबाबांच्या डोळ्यांसमोर.

माझा मावसभाऊ तेव्हा सतरा वर्षांचा, नुकतंच नवीन कॉलेज. वर्गातल्या एकाही पोराचा चेहरा त्याला माहीत नव्हता, स्क्रीनवर काळे चौकोन आणि त्यात नावाचं पहिलं अक्षर, बस. सर विचारायचे "आवाज येतोय ना सगळ्यांना?" आणि बऱ्याच वेळानं कुणीतरी चॅटमध्ये 'येस सर' टाकायचं. हा लेक्चर लावून आडवा पडलेला, छताकडे बघत. रात्री तीन-साडेतीनपर्यंत जागा, दुपारी उठणार, जेवायला हाक मारली की खेकसणार. घरात सगळ्यांचं एकमत, उद्धट झालाय, मोबाईलनं वाया घालवला.

इथेच घोळ होतो, आणि म्हणूनच मला हे लिहावंसं वाटलं. डिप्रेशन म्हटलं की आपल्याला रडका चेहरा दिसतो. या वयात ते बऱ्याचदा चिडचिडीतून बाहेर येतं. आवडीची गोष्ट नकोशी होते, भूक बदलते, झोपेचा बट्ट्याबोळ होतो. झोपेचं तर आणखी एक आहे, किशोरवयात शरीराचं घड्याळ मुळातच उशिरा चालतं, त्यात सकाळी उठून जायलाच कुठे नाही म्हटल्यावर ते पार भरकटतं. याला आपण आळस म्हणून मोकळे झालो.

2021 मध्ये 'जामा पेडिअ‍ॅट्रिक्स' या जर्नलमध्ये 29 अभ्यास एकत्र करून आढावा आला होता, ऐंशी हजारांवर मुलामुलींचा. साधारण चौघांतल्या एकात डिप्रेशनची लक्षणं, पाचातल्या एकात अँक्झायटीची, म्हणजे महामारीच्या आधीच्या अंदाजाच्या जवळपास दुप्पट. मग हे एकट्यादुकट्या घरातलं लाडावलेलं कार्टं कसं म्हणायचं?

सगळ्यांचं सारखंच झालं असंही नाही. ज्यांना शाळेत रोज चिडवलं जायचं त्यांच्यातली काही पोरं घरी खरंच सुटल्यासारखी झाली. उलट ज्यांच्या घरातच मारहाण, दारू, सततची भांडणं, त्यांना पळून जायची एकमेव जागा गेली. आणि शाळेत एखाद्या बाईंच्या लक्षात येतं की ही आज गप्प आहे, डबा खाल्ला नाही, ते लक्षच नाहीसं झालं. काळ्या चौकोनात काय दिसणार कुणाला?

शाळा उघडल्यावर सगळं आपोआप ठीक होईल असं बऱ्याच जणांनी धरलं होतं. काहींचं झालं. काहींना मात्र गर्दीत घाम फुटायला लागला, वर्गात हात वर करताना घसा कोरडा पडायचा, आणि वरून "आता तर सगळं सुरू झालं, अजून काय?" ऐकावं लागलं ते वेगळंच.

माझ्या मावशीनं शेवटी एक केलं, प्रश्न विचारणं थांबवलं. रात्री तो जागा असला की तीही चहा करून त्याच्या खोलीत नुसती बसायची, अभ्यासाचा विषय नाही, मोबाईलचा नाही. पहिले बरेच दिवस तो काही बोललाच नाही. मग एकदा म्हणाला, "मला कशाचंच काही वाटत नाही गं आई." त्यानंतर काउन्सेलर, मग डॉक्टर, सावकाश चाललं सगळं.

तुमच्या घरात असं कुणी असेल आणि मनात भलतीच शंका येत असेल तर सरळ विचारा, "मरून जावंसं वाटतं का तुला?" विचारल्यानं डोक्यात तो विचार घुसतो ही भीती खोटी आहे, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर लेक्चर देऊ नका, त्याला एकटं सोडू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.