नऊवारीचा सराव : पावसाळ्यापासून होळीपर्यंत

ज्यांना माझ्याप्रमाणेच पुरुष असून स्त्रीवेशाची आवड आहे आणि तो वेश मनापासून, अभ्यासाने करावा असे वाटते, त्यांच्यासाठी ही नोंद लिहीत आहे. सहावारीचा सराव मी आता पूर्ण झाला असे मानतो. पावसाळ्यापासून होळीपर्यंतचा माझा सगळा मोकळा वेळ नऊवारीत गेला, आणि पुरुषाच्या अंगाला कोणता वेश शोभतो याबद्दलची माझी समजूत या काळात बरीच बदलली.

नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. एवढे कापड अंगावर सांभाळायचे या विचारानेच अनेक जण नऊवारीपासून दूर राहतात. माझे मत मात्र आता असे झाले आहे की आपल्यासारख्यांनी सुरुवातच तिच्यापासून करावी. सहावारी कमरेवरून सरळ खाली पडते, त्यामुळे पुरुषाची कंबर आणि नितंब यांतला सरळपणा ती लपवत नाही, आणि मग परकराखाली स्पंजच्या गाद्या लावाव्या लागतात. नऊवारीला परकर लागत नाही. मागचा कासोटा आणि पुढचा ओचा मिळून ती स्वतःचा घाट स्वतः तयार करते, पायांभोवती कापड वेगवेगळे गुंडाळले जाते, आणि देहाला खोटी भर न घालताही वेश पूर्ण दिसतो. मला हे फार मोलाचे वाटते, कारण मी दुसऱ्या कोणाचा देह उसना घेत नाही. माझ्याच देहावर एक वस्त्र नीट बसवतो आहे.

कापडाबद्दल थोडक्यात सांगतो. रेशमी साडीवर सराव करू नये. ती निसटते आणि हात बसत नाही. मी धुऊन मऊ झालेल्या सुती नऊवारीवर सराव केला आणि कडक खळ टाळली, कारण खळीच्या निऱ्या कासोटा ओढताना मोडतात. इरकलीचे जड काठ मात्र उपयोगी पडतात. काठाच्या वजनाने निऱ्या आपोआप खाली बसतात.

खरी अडचण उंचीची होती. साडीचा पन्हा ठरलेला असतो, आणि निऱ्यांचा खालचा काठ पायांमधून मागे नेऊन खोचल्यावर उंच पुरुषाच्या घोट्यापर्यंत कापड पुरत नाही. रंगमंचावर चापूनचोपून, पाऊल झाकेल अशी नेसलेली नऊवारी आपण पाहिलेली असते, आणि तीच मनात ठेवून आरशासमोर उभे राहिले की प्रत्येक वेळी काहीतरी उणे वाटते. हा पेच चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावी माझ्या काकूंनी सोडवला. त्या आयुष्यभर नऊवारीच नेसत आल्या आहेत आणि शेतात जाताना ती पोटरीपर्यंत वर घेऊन नेसतात. माझी आवड त्यांना आधीच ठाऊक होती, आणि त्यांनी ती कधी हसण्यावारी नेली नाही. त्या म्हणाल्या, ‘भाऊ, कासोटा घट्ट लाव, मंग बिनधास्त चाल.’ पोटरीपर्यंतची ही कामाची नेसण माझ्या उंचीला चपखल बसली. कमरेची गाठ मारण्याआधी पदराकडे किती कापड सोडायचे, याचे मापही त्यांनी हातानेच दाखवले : पदर डाव्या खांद्यावरून मागे जाऊन पुन्हा उजव्या काखेखालून पुढे येईल आणि कमरेला खोचता येईल एवढे. तेवढे कापड एकदा बाजूला पडले की उरलेल्याच्या निऱ्या किती होतील याची काळजी करायची नसते.

काकूंच्या नेसणीने माझ्या चालण्याचाही प्रश्न सोडवला, आणि या मुद्द्यावर मला सविस्तर लिहायचे आहे. आपल्यापैकी बहुतेक जण स्त्रीची चाल शिकतात ती रंगमंच आणि पडदा पाहून : लहान पावले, किंचित झुकलेली मान, हाताची बोटे सतत लयीत. ती चाल सुंदर आहे, पण ती रंगमंचासाठी घडवलेली आहे. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत काम करणाऱ्या किंवा कापूस वेचताना कमरेला ओटी बांधून वाफ्यांतून पुढे सरकणाऱ्या बायकांकडे पाहावे. त्यांची पावले लांब असतात, टाच जमिनीवर भक्कम पडते, खांदे मोकळे असतात आणि वाकताना त्या कमरेतून वाकतात. कासोट्याची रचनाच अशा हालचालीसाठी आहे. मी गेल्या हिवाळ्यात नाजूक पावलांचा सराव पूर्ण थांबवला आणि शेतातली चाल शिकू लागलो. त्यानंतर माझ्या पाठीतला ताठरपणा गेला, पदर सारखा सावरण्याची गरज कमी झाली, आणि पत्नीने पहिल्यांदाच सांगितले की आता मी वेश केलेला माणूस न दिसता साडी नेसलेला माणूस दिसतो. स्त्रीने कसे चालावे याविषयीची समाजाची अपेक्षा आपण मोडायला निघतो आणि स्वतःच्या सरावात मात्र तीच अपेक्षा घोटत बसतो. माझ्या मते यावर आपण सर्वांनी विचार करायला हवा.

याचा अर्थ मी रंगमंचाला कमी लेखतो असा नाही. आपल्या छंदाची सर्वांत समृद्ध परंपरा तिथेच आहे, आणि जळगावकरांना तर तिचा विशेष अभिमान वाटावा. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, लहानपणी जळगावात नातेवाइकांकडे राहिले आणि मेहबूबखाँ यांच्याकडे गाणे शिकले. आज शहरातले खुले नाट्यगृह त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत शकुंतलेच्या भूमिकेपासून सुरू झालेली त्यांची कारकीर्द पाहिली, की वेशाला केवढे श्रम लागतात हे कळते. १९११ मधली ‘मानापमान’ नाटकातली त्यांची भामिनी आणि १९१६ मधली ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी यांच्या साड्या, दागिने, केसांतली फुले यांचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करू लागल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र १९१९ च्या ‘एकच प्याला’मधली सिंधू अधिक शिकवून जाते. दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरातली ती बाई जरतारी शालूत उभी राहू शकत नव्हती. तिथे दागिन्यांचा आधार नव्हता, आणि तरीही प्रेक्षकांनी ती भूमिका डोक्यावर घेतली. दागिने उतरवल्यावर आपल्या वेशात काय उरते, हा प्रश्न मी त्या भूमिकेवरून स्वतःला विचारतो. सध्या माझ्या सरावात गळ्यात एक काळी पोत, हातात काचेच्या बांगड्या आणि नाकात चापाची नथ एवढेच असते. बांगड्या घेताना पुरुषाच्या पंज्यासाठी दोन-दहा किंवा त्याहून मोठे माप मागावे. काचेत ते सहज मिळत नाही, परंतु कासाराला आधी सांगून ठेवले तर तो आणून देतो.

चेहऱ्याच्या बाबतीत एक इशारा द्यायचा आहे. तमाशाच्या आणि दशावताराच्या जुन्या रंगभूषेत मुर्दाडशिंग वापरले जाई, आणि पारंपरिक रंग म्हणून आजही कोणी ते सुचवतात. ते शिशाचे संयुग आहे आणि विषारी आहे. ते त्वचेला लावू नये. दाढीची निळसर-हिरवट झाक घालवण्यासाठी गरम पाण्याने चेहरा धुऊन केसांच्या दिशेने दाढी करावी, त्यावर नारिंगी छटेचा करेक्टर पातळ थापावा, मग फाउंडेशन आणि शेवटी पावडर लावावी. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि तेव्हा यांतले काहीही तासभर टिकत नाही, म्हणून चेहऱ्याचा सराव मी दिवाळी ते महाशिवरात्र एवढ्याच काळात करतो. केसांच्या टोपाचा प्रश्न तर नऊवारीने मिटवूनच टाकला, कारण आमच्याकडच्या रीतीप्रमाणे डोक्यावरून पदर घेतला की टोपाची गरज राहत नाही.

आता घराबाहेरच्या प्रगतीबद्दल. आमच्या भागात पुरुषाने लुगडे नेसणे ही मुळीच नवलाची गोष्ट नाही. वहीगायन या खान्देशी लोककलेच्या कार्यक्रमात, तमाशात, गणपतीच्या दिवसांत बसवलेल्या नाटकांत पुरुष बाई होतो आणि लोक त्याला शाबासकी देतात. उलट दिशेनेही हे घडते : माझ्या लहानपणी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) गौराईच्या मिरवणुकीत आमच्या गावातल्या मुली एकीला पुरुषाचा पोशाख घालून, डोक्याला फेटा बांधून मिरवत, आणि त्या दिवशी त्यांना कोणी अडवत नसे. परंतु हाच माणूस किंवा हीच मुलगी दुसऱ्या दिवशी त्याच कपड्यांत दळण आणायला निघाली, तर तेच गाव तोंड फिरवते. वस्त्र तेच, देह तोच. फक्त सणाची किंवा रंगमंचाची परवानगी संपलेली असते. या परवानगीवाचून साडी नेसता यावी, एवढेच माझे उद्दिष्ट आहे, आणि या वर्षीची प्रगती मी त्याच मापाने मोजतो.

पावसाळ्यात मी घरातल्या घरात नेसत होतो. दिवाळीनंतर गच्ची आणि अंगण झाले. थंडी पडल्यावर पत्नीसह पहाटे जळगावच्या मेहरुण तलावाच्या काठी फिरायला जाऊ लागलो, आणि आता तो आमचा नेहमीचा क्रम झाला आहे. काही मुले हसली. बहुतेक लोकांनी एकदा पाहिले आणि ते पुढे गेले. दोन बायकांनी साडी कुठून घेतली ते विचारले. सर्वांत जास्त वेळा मला विचारला गेलेला प्रश्न होता, ‘कोणत्या नाटकाची तालीम आहे?’ विचारणाऱ्यांच्या मनात वाईट हेतू नव्हता, किंबहुना ते मला सुटकेची वाट देत होते. मी दर वेळी सांगितले की नाटक नाही, मला आवडते म्हणून नेसतो. हे वाक्य शांतपणे आणि मान वर ठेवून म्हणता येणे, याला मी निऱ्यांच्या सफाईइतकीच प्रगती समजतो. ज्यांना बाहेर पडायचे असेल त्यांनी सुरुवातीला विश्वासातली एक व्यक्ती सोबत घ्यावी, उजेडाची वेळ निवडावी, आणि जिथे धोका वाटतो तिथे जाऊ नये. आपल्या आवडीसाठी मार खाणे ही काही पात्रतेची परीक्षा नव्हे.

खरेदीतही बदल झाला. फुले मार्केटमधल्या एका दुकानात मी साडी स्वतःसाठी हवी असे सांगितल्यावर विक्रेत्याने घड्या आवरून घेतल्या. पुढच्या दुकानातल्या तरुणाने मात्र लगेच माझ्या खांद्यावर पदर टाकून रंग कसा दिसतो ते दाखवले. तेव्हापासून मी ‘घरच्यांसाठी’ असे सांगणे सोडून दिले आहे.

कायद्याची बाजू आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते, म्हणून इथे लिहून ठेवतो. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक भाग उत्तर हिंदुस्थानातल्या हिजड्यांसाठी होता, आणि नोंद झालेल्या व्यक्तीने रस्त्यावर स्त्रीवेश केल्यास त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. याउलट १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात म्हटले की पोशाख, शब्द, कृती किंवा वागणूक यांतून आपली लिंगओळख व्यक्त करणे हा राज्यघटनेच्या कलम १९ मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. तो खटला तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांसाठी लढला गेला होता, आणि माझा छंद व त्यांचे जगणे एक नव्हे, हे मला पक्के ठाऊक आहे. मी संध्याकाळी साडीची घडी करून कपाटात ठेवतो. त्यांना तशी सोय नसते. आपल्याला जो मोकळेपणा मिळतो तो त्यांनी सोसून मिळवलेला आहे, आणि म्हणूनच त्यांच्या बाजूने उभे राहणे हे आपल्या छंदाचे देणे आहे असे मी मानतो. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या भादली गावच्या तृतीयपंथी अंजली पाटील यांचा ग्रामपंचायत निवडणुकीतला अर्ज स्त्रियांच्या राखीव जागेसाठी नाकारला गेला होता. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरला आणि त्याच महिन्यात गावाने त्यांना ग्रामपंचायतीवर निवडून दिले. खान्देशातले गाव काय स्वीकारू शकते, याबद्दल कोणी निराशेने बोलू लागले की मी ही घटना सांगतो.

पुढचे काम ब्लाउजचे आहे. रुंद खांदे, पसरट पाठ आणि सपाट छाती यांना कटोरीचा ब्लाउज बसत नाही, पुढे रिकाम्या चुण्या पडतात. प्रिन्सेस कट सपाट बसतो, आणि कोपरापर्यंतच्या बाहीने खांद्यांचा भारदस्तपणा कमी दिसतो. माझ्या शिंपीणताईंनी अस्तर लावून एक नमुना शिवला आहे, परंतु हात वर नेला की मुंढा (बाही जोडतात तो काप) काखेत ओढतो आणि कंबर उघडी पडते. मुंढा आणखी खोल कापला तर बाही ढिली पडेल अशी त्यांना शंका आहे. मी काखेत चौकोनी कळी जोडून पाहावी असे सुचवले आहे. येत्या आखाजीला मी गावी काकूंकडे नऊवारी नेसूनच जाणार आहे, त्याआधी हा ब्लाउज तयार व्हायला हवा. ज्यांचे खांदे सतरा इंचांच्या पुढे आहेत आणि ज्यांनी मुंढ्याचा हा प्रश्न सोडवला आहे, त्यांनी मुंढ्याची खोली, बाहीचा घेर आणि कळीचे माप मला अवश्य कळवावे.