जाहिरात प्रेक्षकाची, पैसे जादूगाराचे

वडिलांचं काम लाकडी खेळण्यांचं. सावंतवाडीच्या चितारआळीतून फिरलात तर ती केळी, आंबे, सीताफळं, भातुकलीचे संच अजून दिसतील, त्यातलंच. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, एक लेथ, रंगाचे डबे आणि मे महिन्यात घरी आलेले चाकरमानी, एवढ्यावर घर चालायचं. मग प्लास्टिकच्या खेळण्यांनी ते गिऱ्हाईक हळूहळू ओढून नेलं. त्याच सुमारास शाळांतून जादूचे प्रयोग करत फिरणारे एक गृहस्थ आपली मोडकी खणाची पेटी दुरुस्तीला घेऊन आले. रिकामा खण दाखवायचा, ढकलायचा, पुन्हा ओढला की आत रुमाल! खणात खण असतो, हे आता शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे, म्हणून सांगतोय. बाकीची गुपितं इथे मिळणार नाहीत. वडिलांनी पेटी दुरुस्त केली आणि वर एक नवी, तिच्यापेक्षा सफाईदार, करून दिली. तिथून आम्ही जादूच्या सामानाच्या धंद्यात.

पेट्या, नळकांडी, टेबलं आम्ही स्वतः बनवतो. पण गिऱ्हाईकाला पत्ते, नाणी, दोरे, चुंबकाच्या वस्तूही लागतात. ती बाहेरच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून मागवायला लागलो आणि जाहिरातींशी गाठ पडली. ‘हातचलाखीची गरज नाही.’ ‘चारही बाजूंनी प्रेक्षक असले तरी चालते.’ ‘वस्तू प्रेक्षकाला तपासायला द्या.’ ‘पाच मिनिटांत शिका.’ जवळपास प्रत्येक पाकिटावर हीच चार वाक्यं, फक्त खालीवर केलेली.

मिक्सर घेताना दुकानदार तो लावून दाखवतो. जादूत विकायची वस्तू म्हणजेच गुपित, ते दाखवलं की विकायला उरतं काय? म्हणून माणूस डोळे झाकून घेतो, आणि पाकीट फोडल्यावर कुणी परत घेत नाही, कारण गुपित तर कळलेलं असतं. या कोंडीत जाहिरातवाल्याचं फावतं. गंमत म्हणजे तो बहुतेक वेळा धडधडीत खोटं बोलत नाही. व्हिडिओत नाणं नाहीसं होतं, तसं ते खरंच होतं. पण तो जे दाखवतो ते समोर बसलेल्या प्रेक्षकाला दिसणारं. पैसे भरणारा उभा राहणार दुसऱ्या बाजूला. त्याला लांब बाह्यांचा कोट लागेल का, प्रेक्षक किती दूर हवेत, मागे काळा पडदा हवा का, नंतर हात रिकामे दाखवता येतील का, हे कुणी सांगत नाही. आणि नाणं गेल्या क्षणीच व्हिडिओ कापलेला असेल, तर तिथेच काहीतरी आहे असं खुशाल समजावं.

नुसत्या जाहिरातीवर जगलेली जादू म्हणजे आपला तो दोरीचा खेळ. दोरी आकाशात ताठ उभी राहते, पोरगा वर चढतो आणि दिसेनासा होतो. 1890 साली ‘शिकागो ट्रिब्यून’ने दोन अमेरिकन प्रवाशांनी तो हिंदुस्थानात पाहिल्याची सचित्र बातमी छापली आणि ती जगभर गेली. काही महिन्यांनी त्याच पत्राने ती रचलेली होती असं कबूल केलं. पण खुलासा वाचतो कोण? पुढे 1934 मध्ये लंडनच्या ‘मॅजिक सर्कल’ या जादूगारांच्या संस्थेकडून, हा खेळ उघड्यावर करून दाखवणाऱ्याला 500 गिनींचं बक्षीस जाहीर झालं. ते कुणाच्याही हाती पडलं नाही. त्या बक्षिसातला ‘उघड्यावर’ हा शब्द मला फार आवडतो. आमची परीक्षाही तिथेच होते.

नवा माल आला की आधी दुकानातल्या आरशासमोर, मग घरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात. तिन्ही बाजूंना आळीतली पोरं. मोठी माणसं जादूगार बघ म्हणेल तिथे बघतात. पोरं नको तिथे बघतात, आणि ‘काका, त्या हातात काय ता दाखवा’ असं तोंडावर सांगतात. चारही बाजूंवाली निम्मी जाहिरात इथेच गळते. गणपतीच्या मंडपात किंवा जत्रेत माणसं पाठीमागेही उभी असतात. तिथे विंगेच्या आडोशावर चालणारी वस्तू काय कामाची?

दुसरी परीक्षा हवेची, आणि ती आपल्याच किनाऱ्याची. नोट हवेत तरंगवणारा बारीक दोरा व्हिडिओत झकास चालतो, पंख्याच्या झोतात तुटतो. मे महिन्यात कोकणात पंखा बंद करून प्रेक्षक बसवून ठेवणं हीच खरी जादू! पावसाळ्यात पत्ते ओल धरतात, जाड होतात, एकमेकांना चिकटतात. मग मध्ये आखूड पत्ते घातलेली जोडी जशी सुर्रकन सुटायला हवी तशी सुटत नाही. चुंबकावरचा मुलामा जरा निघाला की खाऱ्या वाऱ्याने गंज धरतो. राख न ठेवता भपकन जळणारा कागद आम्ही ठेवतच नाही. तो ओला ठेवून सांभाळायचा आणि प्रयोगाआधी वाळवायचा असतो. जुलैत आमच्याकडे कपडे वाळत नाहीत. शिवाय असला ज्वालाग्राही माल टपालाने पाठवता येत नाही.

हे सगळं पाहून आम्ही पाकिटात मराठीतून एक चिठ्ठी घालायला लागलो. ‘सरावाला महिनाभर द्यावा लागेल.’ ‘दहा फुटांच्या आत प्रेक्षक नकोत.’ ‘अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर जमणार नाही.’ फोनवर विचारलं तर पैसे भरण्याआधीच वाचून दाखवतो. एका घाऊक व्यापाऱ्याला हे रुचलं नाही. तुम्ही माल विकता की पाडता, म्हणाला. काही वस्तू खरोखरच विकायच्या थांबल्या. उलट मालवणकडून कुणी फोन करतो तेव्हा व्हिडिओचं नावही काढत नाही. ‘जाहिरातीत दिसता तसा होता काय, तेवढाच सांगा,’ म्हणतो, आणि ‘होत नाही’ म्हटलं तर दुसरं काहीतरी घेतो.

मधूनच वशीकरणाच्या वस्तू आहेत का असेही फोन येतात. त्यांना 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याची आठवण करून देतो आणि फोन ठेवतो.

राहिली आमची स्वतःची पेटी. तीही याच खळ्यातून जाते. अखंड लाकडाचा आतला खण पावसात फुगून बसायचा. सैल केला तर डिसेंबरात खडखडायचा, आणि जादूच्या पेटीत खडखडाट म्हणजे प्रेक्षकाला आमंत्रणच. आता आतला खण प्लायवूडचा करतो, ते हवेप्रमाणे फारसं हलत नाही, आणि कडांना मेण घासून देतो. तरी एक गोष्ट सुटलेली नाही. खण पूर्ण ओढला की अगदी बाजूला बसलेल्याला आतली कड दिसते. त्यामुळे आमच्या पत्रकाची पहिली ओळ अशी आहे: ‘बाजूला प्रेक्षक बसणार असतील तर ही पेटी घेऊ नये.’ किंमत त्याखाली छापतो.