जुनी ईव्ही घेण्याआधी तिची बॅटरी मी कशी तपासली

जुनी गाडी म्हटलं की आधी किलोमीटर विचारले जातात. मीही विचारले, पण मला जास्त रस होता तो गाडी उन्हाळ्यात कुठे उभी असायची यात. मनीषनगरची ही इलेक्ट्रिक कार रस्त्याच्या कडेला, उघड्यावर असायची आणि मालक ती रोज शंभर टक्के चार्ज करून ठेवायचे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. कडक ऊन आणि पूर्ण चार्ज ही जोडी लिथियम-आयन सेलला फार बाधते. अॅनोडवरचा (म्हणजे सेलच्या ऋण बाजूवरचा) थर जाड होत जातो, त्यात लिथियम अडकतं आणि क्षमता कायमची घटते. गाडी नुसती उभी असली तरी!

मालक म्हणाले, "ताई, शंभर टक्के दाखवते ना, मग काहून शंका घेता?"

ते शंभर टक्के म्हणजे आज उरलेल्या क्षमतेचे शंभर टक्के. ३० युनिटची बॅटरी २५ वर आली तरी डॅशबोर्डवर आकडा शंभरच. रेंजचाही भरवसा नाही, अलीकडे गाडी कशी चालवली त्यावर ती हलते.

सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरीचा हेल्थ रिपोर्ट मागितला, तर अर्ज मालकाचाच हवा म्हणाले. तो आणला, आरसीची झेरॉक्स जोडली, आणि हाती आलं काय, तर 'बॅटरी ओके' एवढंच लिहिलेलं जॉबकार्ड. शेवटी टेक्निशियनला म्हटलं, भाऊ, मला स्क्रीनच दाखवा. तो भला माणूस निघाला.

स्क्रीनवर एसओएच, म्हणजे नव्याच्या तुलनेत उरलेली क्षमता, ९१ टक्के होती. त्याखाली एकेका सेलचं व्होल्टेज. मी तिथेच जास्त वेळ थांबले. सेल एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे पंगतीत एकाचं आटोपलं की सगळ्यांनी उठायचं, असा तिथला कायदा. एक सेल कमजोर असला की बाकीच्यांत चार्ज असूनही गाडी थांबते. चार्ज कमी असताना आणि अॅक्सिलरेटर दाबल्यावर हा फरक उघडा पडतो, म्हणून चार्ज उतरल्यावर पुन्हा बघू द्या म्हटलं. फरक फारसा वाढला नाही.

पण ९१ हा आकडाही बीएमएसचा, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचा, अंदाजच. ही बॅटरी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची. तिचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट राहतं, त्यावरून चार्ज किती उरला ते नीट कळत नाही. त्यामुळे बरेच दिवस पूर्ण चार्ज केली नाही तर बीएमएसचा हिशोब भरकटतो. इथे मालकांची शंभर टक्क्यांची सवय निदान एवढ्यापुरती कामी आली.

तरी मला मोजूनच बघायचं होतं. पूर्ण चार्ज करून वर्धा रोडने बुटीबोरीकडे फेऱ्या मारल्या, गाडी २० टक्क्यांवर आणली आणि रात्री १५ अँपिअरच्या प्लगला वीज मोजणारा मीटर लावून पुन्हा पूर्ण भरली. मीटरवर २४ युनिट. चार्जिंगमध्ये साधारण १२ टक्के वीज वाया जाते असं धरलं, तर बॅटरीत गेले सुमारे २१. हे ८० टक्क्यांचे, म्हणजे पूर्ण क्षमता २६ च्या थोडी वर. नव्या ३० च्या तुलनेत ८८ टक्के. १२ हा आकडा माझा, तेव्हा दोन-तीन टक्के इकडेतिकडे होणारच.

"मीटर तुमचं, हिशोबही तुमचाच," मालक म्हणाले. रास्त बोलले. मग तीच चाचणी त्यांच्या घरच्या प्लगवर, त्यांच्या डोळ्यांसमोर केली. आकडा जवळपास तोच आला आणि किंमत उतरली.

आपल्याकडे बऱ्याच इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी असते, पण दुसऱ्या मालकासाठी अटी बदलू शकतात. सौद्याआधी ती पुस्तिका मी मालकांकडून मागून घेतली आणि बारीक अक्षरांसकट वाचली.

आता गाडी बेसमेंटच्या सावलीत असते. रोज ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवते, आणि बीएमएसचा हिशोब जुळावा म्हणून मधूनमधून शंभर करते, तेही सकाळी निघायच्या तोंडावर.