इंकस्केपमधल्या ओळी आणि छापखान्यातला काळा चौकोन

इंकस्केप या चित्रं आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये निमंत्रणपत्रिका करणार असाल तर फाइल छापखान्यात नेण्याआधी घरीच एकदा ब्राउझरमध्ये उघडून बघा. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर भर उन्हात बेळगावच्या खडेबाजारात गाडी लावायला जागा शोधत फिरलो नसतो.

हिवाळ्यात आमच्याकडं, म्हणजे कडोली, येळ्ळूर, उचगाव या पट्ट्यात, गावोगावी मराठी साहित्य संमेलनं भरतात. आमच्या गावच्या संमेलनाची पत्रिका माझ्या गळ्यात पडली. वाचनालयातला संगणक जुना, त्यावर इंकस्केप ०.९२. फुकटचं सॉफ्टवेअर, पण युनिकोड मराठी व्यवस्थित जोडतं. चित्र, किनार, तारीख-वेळ हे बसल्या बैठकीला उरकलं. राहिला निवेदनाचा परिच्छेद. माउसनं चौकोन ओढला, आत मजकूर टाकला, ओळी आपोआप कडेला मोडल्या. पडद्यावर छान दिसत होतं.

छापखान्यात फाइल उघडली आणि निवेदनाच्या जागी काळा चौकोन! अक्षर नाही, काही नाही.

"फाइल खराब हाय ओ सर. दुसरी करून आणा की."

मी म्हटलं, पीडीएफ देतो. "पीडीएफ नको, रंग बदलायला येत नाही. उघडणारी फाइल द्या." परत गेलो, तीच फाइल पुन्हा सेव्ह करून आणली, पुन्हा काळा चौकोन. त्यात मागं उभं असलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "फुकटच्या सॉफ्टवेअरचं असंच असतंय." याचा राग मला अजून आहे, कारण फाइल खराब नव्हतीच.

गोम अशी आहे. इंकस्केपची फाइल एसव्हीजी, म्हणजे रेषा-आकृत्यांच्या चित्रांसाठी ठरलेल्या प्रकारची असते. एसव्हीजी १.१ या प्रमाणात, जे २००३ पासून आहे, मजकूर आपोआप पुढच्या ओळीवर नेण्याची सोयच नाही. १.२ च्या मसुद्यात ती होती, पण तो मसुदा पक्का झालाच नाही. इंकस्केपनं मात्र ०.९२ पर्यंत तीच पद्धत वापरली. त्यामुळं ओढलेल्या चौकोनातला मजकूर इंकस्केपला कळतो, इतरांना, ब्राउझरलाही, कळत नाही. कुठं तो गायब होतो, कुठं काळा चौकोन उमटतो. २०२० मध्ये आलेल्या १.० पासून पद्धत बदलली, पण वाचनालयाच्या संगणकाला ते कोण सांगणार?

उपाय अर्ध्या मिनिटाचा. मजकूर निवडायचा, टेक्स्ट मेन्यूत जाऊन 'कन्व्हर्ट टू टेक्स्ट' दाबायचं. ओळी दिसतात तिथंच राहतात, फक्त प्रत्येक ओळीला स्वतःची जागा मिळते आणि मग ती कुठंही उघडते. शेजारीच 'अनफ्लो' आहे, त्याला हात लावू नका. तो सगळा परिच्छेद एका लांबलचक ओळीत ओढून पानाबाहेर नेतो. मजकूर चार-पाच ओळींचाच असेल तर चौकोन ओढूच नका. नुसतं क्लिक करा, टाइप करा, ओळ मोडायची तिथं एंटर.

आणि हो, छापखान्याकडं तुमचा फाँट नसणारच. 'ऑब्जेक्ट टू पाथ' करून द्या, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या होतात. आधी मूळ फाइल वेगळ्या नावानं ठेवा, कारण आकृती झालेल्या अक्षरात पाहुण्यांचं नाव दुरुस्त करता येत नाही. आणि पाहुण्यांची नावं आमच्याकडं शेवटच्या घटकेला बदलतातच.

ओळींमधल्या अंतराचंही एक दुखणं आहे. मोठ्या अक्षरात लिहायला घेतलं आणि मग खालच्या ओळी निवडून लहान केल्या, तर अक्षर लहान होतं पण अंतर मोठ्याचंच राहतं. त्या निवडलेल्या ओळींच्या अंतराचा आकडा कितीही कमी करा, ओळी जवळ येत नाहीत. मी त्या नादाला लागत नाही; मोठं आणि बारीक हे दोन वेगळे मजकूर करून मोकळा होतो.

नंतर एका मित्राच्या दुकानाची पाटी केली. २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं, तेही वरच्या बाजूला. वर कन्नड, खाली मराठी असं आलं की ओळींमधलं नेहमीचं १.२५, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या सव्वापट, अंतर पुरत नाही. कन्नड 'स्टोअर्स'मधला ट स-खाली लोंबतो आणि खालच्या 'किराणा'च्या वेलांटीला जाऊन टेकतो. १.६ केल्यावर दोघं सुटले.

पत्रिका अखेर त्याच छापखान्यात छापली. त्यानं बिलात 'फाइल दुरुस्ती' म्हणून वेगळे पैसे लावले होते. ते मी दिले नाहीत.