फिलिडॉर जमला, पूल राहिला

बुद्धिबळाचा महिनाभराचा हिशेब. ओपनिंगचं, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचं, पुस्तक उघडलं नाही. रोज रात्री जेवणं उरकली की २० मिनिटं हत्ती-प्याद्यांचे एंडगेम, म्हणजे डावाचे शेवट, तेही मोबाईलवर नाही, पटावर.

मग टिळक रोडजवळच्या एका हॉलमध्ये स्विस स्पर्धा (बाद कुणी होत नाही, साधारण सारख्या गुणांचे खेळाडू समोरासमोर), प्रत्येकाला ९० मिनिटं अधिक दर चालीला ३० सेकंद. तिसऱ्या राऊंडला माझं रेटिंग १४८६, समोरच्या पोराचं १९३५. वय असेल दहा. पाय जमिनीला टेकत नव्हते आणि आई खिडकीतून डबा दाखवत होती.

माझ्याकडे काळे मोहरे, ओपनिंग कारो-कान, त्याने प्याद्यांची अदलाबदल करणारा एक्स्चेंज प्रकार घेतला. २३ व्या चालीला मी घोड्याला हात लावला आणि मग दिसलं की तो हलला की डी५ या घरातलं प्यादं जातं. हात लावला म्हणजे हलवायचा. प्यादं गेलं.

मारामारी होत होत उरलं ते असं: त्याचा राजा ई५, प्यादं डी५, हत्ती ए७. माझा राजा डी८, हत्ती एच६. फिलिडॉर या फ्रेंच खेळाडूने १७७७ साली दाखवलेला बचाव हाच. हत्तीने सहावी ओळ धरून ठेवायची, म्हणजे त्याच्या राजाला पुढे येता येत नाही. मी एच६-जी६, जी६-एच६ करत राहिलो. पोरगं मांडी घालून बसलं. शेवटी कंटाळून त्याने प्यादं डी६ वर ढकललं, आणि त्याच क्षणी माझा हत्ती एच१ वर. आता मागून शह, आणि त्याच्या राजाला लपायला प्याद्यापुढची जागाच उरली नाही.

सहाव्या शहानंतर तो म्हणाला, "काका, ड्रॉ?" बाहेर डबा खाताना म्हणे, "तुम्हाला येत नसेल असं वाटलं होतं." मला राग यायला हवा होता.

रेटिंगमधला फरक ४४९ चा असला तरी फिडे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ, ४०० च धरतो. माझा अपेक्षित गुण ०.०८, के (रेटिंग किती हलतं ते ठरवणारा गुणक) २०, म्हणून बरोबरीच्या अर्ध्या गुणाने रेटिंग अधिक ८.४.

पाचव्या राऊंडला मात्र १४१२ वाल्यासमोर प्यादं माझ्याकडे जास्त. राजा डी८, प्यादं डी७, हत्ती एफ१. हत्ती एफ४ वर आणला की शह अडवायला पूल तयार. ल्युसेना नावाची जिंकणारी स्थिती म्हणतात ती हीच. मी राजाच घेऊन बाहेर पडलो, शह खात फिरलो, परत आत. तीनदा तीच स्थिती, म्हणून बरोबरी. रेटिंग उणे २.

म्हणजे हरणारी बाजू वाचवायला शिकलो, जिंकणारी जिंकायला नाही. पुस्तकात ल्युसेना पुढच्याच पानावर होती. पट त्याच स्थितीत मांडून ठेवलाय, आणि घरच्यांना जेवणाचं टेबल हवंय.