तीन केळी म्हणजे नक्की किती? बनाना ब्रेडची वही, घाणा १ ते ११

जूनमध्ये सुरू केलेल्या वहीत काल अकरावा घाणा नोंदला. घाणा हा शब्द तळणाचा, हे आई दर वेळी सुनावते. पण 'बॅच' म्हणायला माझी जीभ वळत नाही. अकरापैकी चार लोफ पाहुण्यांपुढे ठेवण्यासारखे झाले, तीन घरच्यांनी गोड मानून घेतले आणि बाकीच्यांचं काय झालं ते ओघात येईलच. खाली जे लिहितोय ते माझ्यासारखंच यूट्यूब बघून ओटीजी (घरगुती छोटा विजेचा ओव्हन) विकत घेतलेल्यांसाठी. ज्यांचा हात बसलाय त्यांनी चुका दाखवाव्यात.

सामग्री अशी: डोंबिवलीचं स्वयंपाकघर, २८ लिटरचा ओटीजी, ८ बाय ४ इंचांचा ॲल्युमिनियमचा टिन आणि आईची विणायची सुई. सुईचं काम पुढे कळेल.

पहिल्या घाण्याची पाककृती सांगत होती, '३ पिकलेली केळी, दीड वाटी मैदा'. घरात वेलची केळी होती. मोजून तीन सोलली, कुस्करली, बाकी सगळं मापात घातलं. जे निघालं ते कापताना सुरीचा आवाज येत होता. मुलगी म्हणाली, "बाबा, टोस्ट छान झालाय." चहात बुडवून संपवला.

दुसऱ्या वेळी ठरवलं की केळ्यात कंजुषी नको. कोपऱ्यावरच्या गाडीवरून चांगली मोठी, ठिपके पडलेली केळी आणली आणि पुन्हा मोजून तीन घातली. वरून लोफ असा फुगला की फोटो काढून भावाला पाठवला. टिनातून काढल्यावर दहा मिनिटांत मधोमध खचला. कापला तर तळाशी बोटभर जाडीचा, कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजवतो तसा, चिकट करडा थर. वरचा भाग केक आणि खालचा खळ.

मग एक साधा वजनकाटा घेतला. वेलची केळं सोलल्यावर ४० ते ४५ ग्रॅम भरतं. गाडीवर मिळतं ते बहुतेक वेळा जी-नाईन, म्हणजे कॅव्हेंडिश कुळातलं ग्रँड नैन. जळगावकडून येतं तेही आता बव्हंशी हेच. ते सोलून ११० ते १३० ग्रॅम भरलं. म्हणजे 'तीन केळी' हे माप माझ्या घरात १३० ग्रॅमही होतं आणि ३७० ग्रॅमही! मैदा तोच, केळं जवळजवळ तिप्पट. केळ्याचा तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो, त्यामुळे नुसत्या केळ्यावाटे बॅटरमध्ये जवळपास पाऊण कपभर पाणी जास्त गेलं होतं. परदेशी पाककृती लिहिणाऱ्याच्या देशात दुकानात बहुतेक कॅव्हेंडिशच मिळतं, त्याला 'तीन' म्हणून चालतं. आपल्याकडे एकाच गाडीवर चार जातींचे घड टांगलेले. त्या दिवसापासून वहीत केळी नगावर लिहायची नाहीत, सोललेला गर ग्रॅममध्ये लिहायचा. २०० ग्रॅम पिठाला ३०० ग्रॅम गर, या आकड्यावर मी थांबलोय. ३३० पर्यंत निभावतं, त्यापुढे चिकाचा थर परत येतो.

तिसऱ्या घाण्यात वजन बरोबर होतं आणि केळी फसवी. रविवारी भाजायचं म्हणून शुक्रवारी पिवळीधमक केळी फ्रिजमध्ये ठेवली. रविवारी सालं काळी कुळकुळीत. मी खूश, भरपूर पिकली म्हणून. सोलल्यावर आत पांढरा, घट्ट गर. थंडीने सालातल्या पेशी मोडतात आणि साल काळं पडतं, पण आतलं पिकणं मात्र थांबलेलं असतं. काळं साल म्हणजे पिकलेलं केळं हे समीकरण फ्रिजबाहेरच खरं. हिरव्या केळ्याच्या गरात पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्तच स्टार्च असतो. तो हळूहळू साखरेत बदलत जातो आणि ठिपके पडलेल्या केळ्यात एखाद-दोन टक्के उरतो. माझ्या लोफमध्ये तो स्टार्च जसाच्या तसा उतरला होता. ना गोडी, ना वास.

पिकवायचा उपाय घरातच होता. आजी आंबे आणि केळी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची. पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं, तो डब्यात कोंडला की पिकणं वेग घेतं. आता मी केळी कागदी पिशवीत एका सफरचंदासोबत ठेवतो आणि पिशवीचं तोंड मुडपतो. दोन-तीन दिवसांत सालावर ठिपक्यांचे डाग होतात आणि स्वयंपाकघरात शिरताच वास येतो. तेव्हाच सोलून, कुस्करून, ३०० ग्रॅमच्या डब्या भरून फ्रीझरमध्ये. वितळल्यावर वर पाणी सुटतं ते फेकायचं नाही, गोडी आणि वास त्यातही आहे.

चौथ्या घाण्याला या केळ्यांनी वास अप्रतिम दिला, पण मी सगळं हँड ब्लेंडरने घुसळलं. लोफमध्ये उभे बोगदे आणि चावायला रबर. मैदा ओला झाल्यावर जितका घुसळाल तितकं ग्लूटेन, म्हणजे त्यातलं चिवट प्रथिन, ताणलं जातं. पोळीच्या कणकेला जे हवं तेच इथे नको. पाचव्यापासून कोरडं आणि ओलं वेगळं ठेवून शेवटी उलथन्याने पंधरा-एक वेळा खालून वर घेतो. मैद्याच्या दोन-चार पांढऱ्या रेघा दिसल्या तरी हात थांबवतो.

पाचवा लोफ मऊ झाला, पण वरून जळका आणि आतून ओला. सहाव्याआधी ओव्हनमध्ये ठेवायचा स्वस्तातला थर्मामीटर आणला. डायल १८० वर, आत २०५! डायलवरचा आकडा हा ओटीजीचा निव्वळ आशावाद आहे, हे माझं आता पक्कं मत आहे. माझ्या यंत्रात १७० हवे असतील तर डायल साधारण १५० वर ठेवावा लागतो. तुमच्या यंत्राचं गणित वेगळं निघेल, पण ते काढल्याशिवाय कुणाच्याही पाककृतीतले आकडे वापरू नका. प्रीहीटला पंधरा मिनिटं, टिन खालच्या खणात, वरची रॉड बंद. ३५ मिनिटांनी वर फॉइलचा सैल तंबू. लोफच्या माथ्यावर लांब भेग पडते त्याची काळजी सोडली आहे. कवच आधी घट्ट होतं, आतलं बॅटर नंतर फुगून वाट काढतं. नाव ठेवायला येणाऱ्यांना ती खरपूस भेगच आधी हवी असते.

सातव्याला बावीस मिनिटं झाली असताना वीज गेली, ती चाळीस मिनिटांनी आली. दार उघडलं नाही, तरी उपयोग झाला नाही. सोड्याचा वायू निघून गेला होता आणि बॅटर अजून धरलं नव्हतं, त्यामुळे विटेसारखं बसलं. दुसऱ्या दिवशी त्याचे पातळ काप करून तव्यावर तुपात भाजले. खरं सांगायचं तर घरात सगळ्यात लवकर संपलेला घाणा हाच.

आता आठवा. याच्यावर मी वहीची तीन पानं खर्ची घातली आहेत.

अक्रोड महाग, म्हणून मूठभर सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया घातल्या. दही संपलं होतं, ते वगळलं आणि फुगावं म्हणून सोडा चांगला शिगेचा चमचा. रात्री लोफ झकास दिसत होता. सकाळी कापला तर प्रत्येक बीभोवती हिरवं वर्तुळ. फिकट नाही, चांगलं पोपटी. आई म्हणाली, "बुरशी आली, टाकून दे." एका रात्रीत, तेही सगळ्या बियांना सारखी आणि लोफच्या थेट मधोमध बुरशी कशी येईल, हे मला पटेना. शोधल्यावर कारण सापडलं. सूर्यफुलाच्या बियांत क्लोरोजेनिक ॲसिड असतं. सोड्यामुळे बॅटर अल्कधर्मी झालं की त्याचा प्रथिनांशी आणि हवेशी संयोग होऊन हिरवा रंग तयार होतो, आणि तो लोफ गार होताना हळूहळू चढतो. खायला अपाय नाही. हे मी आईला रसायनांची नावं घेऊन समजावत होतो, तर ती म्हणाली, "म्हणजे हळदीला चुना लागल्यावर कुंकू होतं तसंच की." तसंच! माझी तीन पानं तिने एका वाक्यात उरकली. तरी तिने त्या लोफचा तुकडा तोंडात घातला नाही ही गोष्ट वेगळी.

हिरव्या रंगापेक्षा खरी चूक सोड्याची होती. मागाहून जिभेवर साबणासारखी चव राहत होती, ती आधीच्या दोन-तीन घाण्यांतही होती, पण मी तिला केळ्याची चव समजत होतो. उत्तर सासूबाईंच्या बन्समध्ये मिळालं. त्या कारवारच्या. केळं, मैदा, साखर, दही आणि चिमूटभर सोडा असं रात्री भिजवून सकाळी पुऱ्यांसारखे फुगीर बन्स तळतात. "दही नसेल तर मी सोडा घालतच नाही," त्या फोनवर म्हणाल्या. केळं स्वतः थोडं आंबट असतं, पण चमचाभर सोडा पचवण्याइतकं नाही. दह्यातलं आम्ल सोड्याशी भिडतं तेव्हा वायूही सुटतो आणि साबणही उरत नाही. आता २०० ग्रॅम पिठाला पाऊण छोटा चमचा सोडा, सपाट, आणि ६० ग्रॅम दही. त्यानंतर बिया पुन्हा घातल्या, हिरवेपणा नखाएवढाही दिसला नाही.

नवव्यात एक तृतीयांश कणीक आणि साखरेऐवजी गूळ. कणीक पाणी जास्त पिते, त्यामुळे बॅटर दहा मिनिटं आधीच घट्ट वाटतं. तेवढ्यासाठी दही दोन चमचे वाढवलं. गुळाने रंग लवकर चढतो, फॉइल पाच मिनिटं आधी लागली. चव खमंग, पण केळ्याचा वास गुळाखाली दबला. आता अर्धा गूळ, अर्धी साखर. पूर्ण कणकेचा प्रयोग मी करणार नाही. तो पौष्टिक असेल, पण मला लोफ हवाय.

दहावा घाणा राजेळीचा. वसईच्या मावशीने अर्धी फणी पाठवली होती. राजेळी पिकून काळी झाली तरी कुस्करताना हाताला घट्ट लागते, गाठी राहतात. ही शिजवून खायची, सुकवायची जात. ३०० ग्रॅम गर घालूनही लोफ कोरडा वाटला, पण ज्या गाठी राहिल्या होत्या त्या भाजून हलव्याच्या वडीसारख्या लागत होत्या. तेव्हा पुढच्या वेळी गर जी-नाईनचा आणि राजेळीच्या फक्त जाड फोडी, आधी तुपावर परतून.

काल अकरावा झाला, तो सध्याचा माझा पाठ: मैदा १३० ग्रॅम, कणीक ७०, केळ्याचा गर ३००, गूळ आणि साखर मिळून ९०, तेल ७०, दही ६०, अंडी दोन, सोडा पाऊण छोटा चमचा, मीठ दोन चिमटी, जायफळ नखभर. लोणी वापरायचं तर खारं लोणी आणि मीठ बंद. खरे १७० अंश, ५२ मिनिटं. आईचा सोमवार असेल तेव्हा अंड्यांऐवजी आणखी १०० ग्रॅम दही. तो लोफ कमी फुगतो, पण दुसऱ्या दिवशी जास्त मऊ असतो.

झालं की नाही हे सुईने बघायचं, आणि एकदा नाही, दोन ठिकाणी. सुई नेमकी केळ्याच्या गुठळीत घुसली तर ओली निघते आणि तुम्ही लोफ उगाच वाळवता. टिनात दहा मिनिटं, मग जाळीवर. गरम कापला तर चांगला भाजलेलासुद्धा कच्चा वाटतो, कारण आतला स्टार्च गार होतानाच बसतो. पूर्ण गार झाल्यावर सुती फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवला तर सकाळी केळ्याचा वास दुप्पट येतो. आमच्याकडे ही रात्र काढणं हाच सगळ्यात अवघड टप्पा आहे, काल पावणेअकराला एक कडा गायब होती.

मावशी अजूनही विचारते की हा केकच आहे तर ब्रेड का म्हणता. मला उत्तर येत नाही. तिने राजेळीबरोबर आगाशीच्या सुकेळ्यांचा, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचा, पुडाही पाठवला होता, तो बाराव्यासाठी राखून ठेवलाय. बारीक तुकडे करून मैद्यात घोळवून घालायचा विचार आहे, म्हणजे तळाशी बसणार नाहीत. आधी कोमट दुधात भिजवावीत की तशीच घालावीत, हे कुणी करून पाहिलं असेल तर लवकर सांगा. पुड्यात शनिवारी दहा सुकेळी होती, आज सहा आहेत.