महाडीबीटीचा अर्ज: आधी दाखले, मग बँक, फॉर्म सगळ्यात शेवटी

कॉलेजच्या प्रत्येक वर्षी मी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, आणि आता ओळखीतल्या मुलामुलींचे अर्ज तपासून देतो. पोर्टलवरचा फॉर्म भरणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. अर्ज अडकतात ते दाखल्यावरच्या वर्षामुळे, नावाच्या स्पेलिंगमुळे आणि बँकेच्या मॅपिंगमुळे, म्हणजे आधारला पैसे जमा होण्यासाठी कोणतं खातं जोडलंय त्या नोंदीमुळे. ही तिन्ही कामं प्रवेशाच्या धावपळीआधी, एप्रिल-मेमध्येच उरकता येतात.

आधी आपली योजना नक्की करा, कारण कागद त्यावर ठरतात. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. कॉलेजात सगळे तिला अजून ईबीसीच (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) म्हणतात. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा निम्मा भाग मिळतो, आणि लाभ घरातल्या पहिल्या दोन अपत्यांनाच. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा २.५ लाख आहे. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिपची (फी माफीची) योजना वेगळी आहे, ती न बघता सोडून देऊ नका. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. हे अजून कितीतरी घरांत पोचलेलं नाही, आणि फीचा आकडा ऐकूनच मुलीला दुसरीकडे वळवलं जातं. ओळखीत कोणी बारावीला असेल तर आवर्जून सांगा. ज्या अभ्यासक्रमांना कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) आहे तिथे मात्र प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला यातलं काही लागू होत नाही.

आता दाखले. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच लागतो. पगाराची स्लिप किंवा तलाठ्यांचा अहवाल तो काढण्यासाठी कामाला येतो, अर्जाला थेट चालत नाही. त्यावर कोणत्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न लिहिलंय ते नीट वाचा: २०२५-२६ च्या प्रवेशासाठी २०२४-२५ चं उत्पन्न हवं. मार्चमध्ये घाईने काढलेला दाखला इथेच फसतो. तारीख नवी दिसते, पण आतलं वर्ष मागचं असतं. दाखल्यावरचा बारकोड क्रमांक पोर्टलवर टाकला की माहिती आपोआप भरली जाते, म्हणून मूळ प्रत हाताशी ठेवा. जातीचा दाखला, गरजेनुसार व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र), डोमिसाइल, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, कॅपचं अलॉटमेंट लेटर, फीची पावती, शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र हे सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. फाइल २५६ केबीच्या आत बसवावी लागते. मोबाइलवर फोटो काढून दाबून दाबून लहान केला की शिक्का आणि सही पुसट होते आणि अर्ज परत येतो. स्कॅनरवर कृष्णधवल, कमी रिझोल्यूशनची पीडीएफ केली तर आकार लहान राहतो आणि अक्षर वाचता येतं.

नावाचंही तसंच. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव आणि दुसरीकडे फक्त आद्याक्षर, एवढ्यावरही अर्ज रेंगाळतो. दुरुस्ती शक्यतो आधारमध्ये करावी. बोर्डाकडून गुणपत्रिका बदलून घेणं फार लांबतं. आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवाच, ओटीपी त्यावरच येतो.

बँकेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण मंजूर झालेले पैसे इथे अडतात. 'खात्याला आधार लिंक आहे' असं बँकेत सांगतात ते बऱ्याचदा केवायसीपुरतं असतं. शिष्यवृत्ती जमा होते ती एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार चालवणारी संस्था) मॅपिंगप्रमाणे, आणि एका आधारला एका वेळी एकच खातं मॅप असतं. यूआयडीएआयच्या, म्हणजे आधारच्या साइटवर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' (आधार कोणत्या खात्याला जोडलंय ती स्थिती) उघडा. तिथे बँकेचं नाव आणि 'ॲक्टिव्ह' दिसलं पाहिजे. नसेल तर शाखेत जाऊन डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंगचा संमती फॉर्म भरून द्या, आणि काही दिवसांनी पुन्हा तपासा. शाळेत असताना उघडलेलं अज्ञान (मायनर, म्हणजे अठराखालच्या मुलाचं) खातं असेल तर अठरा पूर्ण होताच ते नियमित करून घ्या. अशा खात्यांवर जमा रकमेची मर्यादा असू शकते आणि मोठी रक्कम उलटी फिरते.

एवढं झालं की फॉर्म. आधार ओटीपीने नोंदणी करा. पासवर्ड विसरला म्हणून दुसरं प्रोफाइल काढू नका, जुनंच परत मिळवा; नाहीतर पुढे रिन्युअलला मागचा इतिहास जुळत नाही. चालू अभ्यासक्रमाच्या टॅबमध्ये कॉलेज, शाखा आणि वर्ष निवडताना घाई नको, एकाच कॉलेजच्या दोन पाळ्या किंवा सारख्या नावाच्या शाखा यादीत असतात. दुसऱ्या वर्षापासून मागच्या वर्षाचा निकाल भरून ते वर्ष 'पूर्ण' दाखवावं लागतं. एटीकेटी (काही विषय राहूनही पुढच्या वर्षाला प्रवेश) असेल तर तशीच खरी नोंद करा.

सबमिट केल्यावर अर्ज कॉलेजच्या क्लार्ककडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग विभागाकडे जातो. कॉलेजात प्रत आणि कागद नेऊन द्या, तोवर बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन अर्ज उघडलाही जात नाही. त्यानंतर दर आठवड्याला स्टेटस बघा. 'सेंड बॅक' आला तर शेरा पूर्ण वाचा, तेवढीच दुरुस्ती करा आणि पुन्हा सबमिट करा. नुसता कागद बदलून सेव्ह केलेला अर्ज तुमच्याच लॉगिनमध्ये पडून राहतो आणि मुदत निघून जाते.

रक्कम हप्त्यांनी येते. त्यातला कॉलेजच्या फीचा वाटा लगेच भरून पावती जपा. दोन हप्त्यांच्या मधे कुठे नवं खातं उघडताना आधार सीडिंगला संमती दिली तर मॅपिंग तिकडे सरकतं. हप्ता आला नाही असं वाटलं की आधी सीडिंग स्टेटस उघडून बघा. बऱ्याचदा पैसे त्या नव्या खात्यात जमा झालेले असतात.